दुधी कडू का निघाला? घरचे बी राखताना आणि वाटताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका वसाहतीत परसबाग व गच्चीवरची बाग करणाऱ्या चौदा घरांनी गेल्या वर्षी एकमेकांना घरचे बी वाटले. त्यातील दुधी चार घरांत कडू निघाला, टोमॅटोच्या प्रत्येक झाडाला निराळे फळ आले, कांद्याचे बी उगवलेच नाही आणि वालाच्या बाटलीत पीठ आणि भुंगे तेवढे उरले. यंदा पुन्हा वाटप करावे की सरळ दुकानातून पाकिटे आणावीत, असे आपण विचारता. गेली सत्तावीस वर्षे मी घरच्या बागेतले बी राखते आणि देते-घेते. या चारही चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे वाटप बंद करा असे मी सांगणार नाही. चौघांची कारणे वेगवेगळी आहेत. परंतु चारही वेळा बी या हातातून त्या हातात गेले आणि त्याची हकीकत देणाऱ्याच्या घरीच राहिली, एवढे त्यांत सारखे आहे.

दुधीपासून सुरुवात करते, कारण त्याचा संबंध थेट प्रकृतीशी आहे. दुधी, काकडी, भोपळा यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. कडू दुधीचा रस प्यायल्याने जोराच्या उलट्या, रक्ताचे जुलाब आणि रक्तदाब एकदम घसरणे असे प्रकार होतात; आपल्या देशात त्याने मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. म्हणून घरचा असो वा बाजारातला, दुधी चिरला की आधी लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा, कडू लागला तर थुंकून टाकावा आणि सगळे फळ फेकून द्यावे. साखर किंवा लिंबू घालून ते खपवू नये.

आता तो कडू का झाला, ते पाहू. ज्यांनी बी दिले त्यांचे म्हणणे असे की त्यांच्या वेलाचा दुधी उत्तम होता आणि त्याचेच हे बी आहे. त्या खरेच सांगत आहेत. फळाचा गर, साल आणि चव ही सर्व आईच्या वेलाची असते. फुलावर पराग कोणत्याही वेलाचे पडले तरी त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही. बापाचा वाटा केवळ आतल्या बियात उतरतो आणि ते बी पेरून वेल फळला की मगच उघड होतो. म्हणजे बियाची आई आपण डोळ्यांनी पाहिलेली असते, बाप कोण हे मात्र विचारावे लागते. आसपास कुठे कुंपणावर आपोआप उगवलेला कडू भोपळ्याचा वेल असेल, तर रात्री फिरणारे पतंग त्याचे पराग आपल्या दुधीवर आणून ठेवतात आणि कडूपणा हा गोड चवीवर मात करणारा गुण असल्यामुळे पुढची पिढी कडू निघते. (मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. खाण्याचा दुधी आणि तो जाड कवचाचा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच प्रजाती आहे, त्यामुळे दोघांचा संकर सहज होतो.) कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांनीही एखादे फळ कडवट होऊ शकते, परंतु एकाच पुडीतले बी चार वेगळ्या घरांत पेरले आणि चारही ठिकाणी फळे कडू आली, तेव्हा दोष बियाकडे जातो.

यावर उपाय दोन. व्यावसायिक बीजोत्पादनात वेलवर्गीय भाज्यांच्या दोन वाणांमध्ये निदान अर्धा-एक किलोमीटर अंतर राखतात. वसाहतीत ते अशक्यच आहे. म्हणून राहते हाताने परागीभवन करणे. ऐकायला अवघड वाटले तरी एक वेल असेल तर पाच मिनिटांचे काम आहे. दुधीची पांढरी फुले दिवस मावळताना उमलतात. दुपारी चारच्या सुमारास वेलावर नजर टाकली की त्या संध्याकाळी उमलणार असलेल्या फुगलेल्या, टोकाला पांढुरक्या दिसणाऱ्या कळ्या ओळखू येतात. जिच्या देठाशी बोटाएवढा लवदार दुधी असतो ती मादी आणि ज्या कळीचा देठ नुसता बारीक, लांब असतो ती नर. एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या टोकाशी सुती दोऱ्याने हलकेच बांधून ठेवाव्यात, म्हणजे कोणताही किडा आत शिरत नाही. अंधार पडू लागला की नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मादी कळी सोडून मधल्या कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या चिकट भागावर, नर फुलातले पराग सर्व बाजूंनी लावावेत आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. देठाला रंगीत चिंधी बांधायला विसरू नये. दहा दिवसांनी ते फळ कोणते हे कोणालाही आठवत नाही, आणि घरातले कोणीतरी नेमके तेच भाजीला तोडते. नर फूल दुसऱ्या वेलाचे मिळाले तर उत्तम, पण ते आपल्याच वाणाचे असल्याची खात्री हवी. एकच वेल असेल तर त्याच वेलाचे चालते. एखाद्या पिढीने काही बिघडत नाही.

दोडका आणि पडवळ यांचीही फुले सायंकाळी उमलतात, म्हणून पद्धत हीच. काकडी, कारले, घोसाळे आणि लाल भोपळा सकाळी उमलतात. त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवाव्यात आणि परागीभवन सकाळी लवकर, मधमाश्या कामाला लागण्यापूर्वी उरकावे. काकडी आणि खरबूज यांचा आपसांत संकर होत नाही, तेव्हा त्या दोघांना वेगळे ठेवण्यासाठी धडपड करण्याचे कारण नाही.

बियासाठी कोणते फळ राखावे, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक घरांत या बाबतीत उलटे चालते. कोवळी, देखणी, लवकर आलेली फळे भाजीत जातात आणि हंगामाच्या शेवटी पानाआड राहून जून झालेले जे फळ सापडते, त्याचे बी ठेवले जाते. भेंडीत तर हे नेमाने घडते. पहिल्या महिन्यातली सारी भेंडी आपण खातो आणि झाड थकल्यावर आलेल्या शेवटच्या चार वाकड्या शेंगा वाळवून ठेवतो. असे पाच-सहा वर्षे केले की आपल्याकडे उशिरा फळणारी, कमी फळणारी भेंडी तयार होते आणि मग ‘देशी बियाण्यात आता दम राहिला नाही’ असे आपणच म्हणतो. माझी आजी हंगामाच्या सुरुवातीलाच वाफ्यातले सर्वांत निरोगी झाड निवडून त्याला लाल दोरा बांधत असे, आणि दोरा बांधलेल्या झाडाला हात लावण्याची घरात कोणाला परवानगी नव्हती. निवड झाडाची करायची असते, नुसत्या फळाची नव्हे. एखाद्या रोगट वेलावर एक मोठे फळ आले म्हणून ते बियाला घेऊ नये. भाज्यांचे बी एकाच झाडाचे न घेता शक्य तर पाच-सहा झाडांचे एकत्र करावे. मका, मुळा, कांदा यांना एवढीही झाडे पुरत नाहीत आणि कुंड्यांमधल्या बागेत मक्याचे बी राखण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळ झाडावर पूर्ण जून होऊ देणे हेही तितकेच महत्त्वाचे. खाण्याजोगे वांगे बियाच्या दृष्टीने अगदी अपुरे असते. ते पिवळे पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवावे लागते. काकडी पिवळसर तपकिरी व्हावी लागते आणि तोडल्यावरही आठ-दहा दिवस घरात ठेवून मग फोडावी. दुधी आणि दोडका वेलावरच वाळून हलके होतात. हलवला की आत बी खुळखुळते. पूर्वी चुलीच्या वर आढ्याला वाळके दोडके टांगलेले असत, त्यांना धूर लागत असे आणि पेरणीच्या वेळी टोक मोडून बी खाली झटकले की काम झाले.

टोमॅटोच्या बाबतीत आपल्या मंडळींचा दोष एवढाच की मूळ पाकिटावर काय छापले आहे ते पाहिले नाही. संकरित वाण, म्हणजे ज्याच्या पाकिटावर ‘एफ-१’ असे लिहिलेले असते, तो दोन निराळ्या वाणांच्या पहिल्या पिढीचा असतो. ती पिढी एकसारखी असते. तिचे बी पेरले की दोन्ही आजे-आज्यांचे गुण विस्कटून बाहेर येतात आणि एक झाड गोल फळाचे, एक लांबट, एक आंबट असे होते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, तो आनुवंशिकतेचा नियमच आहे. पावसाळ्यात मी स्वतः संकरित टोमॅटो लावते, खाते, आणि त्याचे बी कोणालाही देत नाही. बाजारातून आणलेल्या टोमॅटोचे बी काढून वाटू नये तेही याच कारणाने. ‘गावरान’ हा शब्द भाजीवाल्याने वापरला म्हणून तो पुरावा होत नाही. देण्याजोगे असते ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेले स्थानिक वाण किंवा कृषी विद्यापीठांनी दिलेले सुधारित सरळ वाण. मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी हे सुधारित सरळ वाणाचे सोपे उदाहरण. तिचे बी जपून राखले तर पुढच्या वर्षी तीच भेंडी येते. मात्र भेंडीत किडे बरीच सरमिसळ करतात, म्हणून कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी.

सरळ वाणाचा टोमॅटो मात्र नवशिक्याने आधी हाती घ्यावा. त्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे शेजारच्या वाणाची फारशी भीती नसते. पिकून मऊ झालेल्या फळातला गर बियांसकट वाटीत काढावा आणि चमचाभर पाणी घालून सावलीत आंबू द्यावा. बियाभोवतीच्या चिकट आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, ती आंबल्याने सुटतात. आपल्या हवेत दीड-दोन दिवस पुरतात. त्याहून जास्त ठेवले तर बी वाटीतच मोड धरते. नंतर भरपूर पाण्यात धुवावे, तरंगणारे पोकळ बी ओतून द्यावे आणि तळाचे बी ताटलीत पसरावे. कागदावर पसरू नये, चिकटून बसते.

घेवडा, मटार, चवळी, मेथी याही गोष्टी स्वपरागी आणि सोप्या. मिरची आणि वांगे अधूनमधून परक्या परागाने फळतात, म्हणून निवडलेल्या फांदीवर जुन्या ओढणीची पिशवी चढवून फळ धरेपर्यंत रोज सकाळी फांदी हलकी झटकावी. ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावून, पिशवी न बांधता ढोबळीचे बी राखले तर पुढच्या वर्षी काही ढोबळ्या तिखट निघतील. तिखटपणाही कडूपणासारखाच वरचढ गुण आहे. माठाचे लाल आणि हिरवे वाण जवळजवळ फुलू दिले तर काही वर्षांनी दोन्ही मिसळतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कांदा आणि वाल यांची गोष्ट साठवणुकीची आहे. बियाचे वैरी दोन, ओलावा आणि उष्णता. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाचेक अंश सेल्सिअसने उतरवले तरीही साधारण दुप्पट होते. दुसरा ठोकताळा असा की फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतील आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. ठाण्याच्या जुलैत तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८६ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर बेरीज १७१ होते. अशा हवेत कागदी पुडीतले कांद्याचे बी मे ते ऑक्टोबर काढणार कसे? भाज्यांमध्ये कांद्याचे बी सर्वांत अल्पायुषी. बरे ठेवले तरी वर्ष-दोन वर्षे. भेंडीचे साधारण दोन, मिरचीचे दोन-तीन, टोमॅटो व वांग्याचे चारेक आणि काकडीचे पाच वर्षांपर्यंत टिकते, तेही कोरडे असेल तर.

म्हणून वाळवणे नीट करावे. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर किंवा फरशीवर बी टाकले तर ते भाजते. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर वारा असलेली सावली चांगली. चवळीचा दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. दबला तर तो अजून ओला आहे. मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत तळाशी कोरडे भाजून गार केलेले तांदूळ किंवा सिलिका जेल घालून, वर पुड्या ठेवाव्यात. बरणी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर काही तास तशीच बंद राहू द्यावी; थंड बरणी लगेच उघडली की बाष्प बियांवर बसते आणि सगळे कष्ट वाया जातात.

वालातले भुंगे बाटलीत बाहेरून शिरलेले नसतात. मादी शेतातच शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्याच्या आत शिरते आणि आपण ती आपल्या हाताने बरणीत बंद करतो. त्यामुळे झाकण कितीही घट्ट असले तरी उपयोग होत नाही. पूर्ण वाळलेले कडधान्याचे बी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवले तर आतल्या अळ्या मरतात. ओलसर बी मात्र फ्रीझरमध्ये स्वतःच मरते, म्हणून दाताची परीक्षा आधी. ज्यांना फ्रीझर नको त्यांनी चाळलेली, थंड राख बियाच्या बरोबरीने मिसळावी किंवा किलोभर बियाला चमचाभर गोडे तेल चोळावे. गावाकडे हेच करतात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो वाळलेला असावा; ओल्या पाल्याने बुरशी येते.

आता वाटपाबद्दल. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हापासून शहरातही बीजबँक हा शब्द पोहोचला. भातापासून वालापर्यंत अनेक स्थानिक वाण त्यांनी जमवले, पेरले आणि लोकांना दिले. ग्रामीण विकासाचे काम करणाऱ्या बायफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. त्यांच्या कामातून आपल्यासारख्यांनी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे बी दरवर्षी मातीत जाते आणि पुन्हा राखले जाते. बरणीत जमवून ठेवलेल्या शंभर पुड्यांचा कोणालाच उपयोग नसतो.

माझी पहिली सूचना अशी की चौदा घरांनी चौदाच्या चौदा भाज्यांचे बी राखू नये. वाण वाटून घ्यावेत: एका घराने फक्त दुधी, दुसऱ्याने दोडका, तिसऱ्याने मिरचीचा एक वाण. बाकीच्यांनी त्या भाज्या खुशाल लावाव्यात, पण बी त्या घराकडूनच घ्यावे. यामुळे प्रत्येकाला एकाच पिकाचे तंत्र नीट जमते. प्रत्येक वाण निदान दोन घरांत असावा, कारण एका घरातले बी माकडे, पाऊस किंवा पाहुणे यांपैकी कोणी तरी संपवतेच. हातातले सगळे बी देऊन टाकू नये. निम्मे स्वतःकडे ठेवूनच वाटावे.

दुसरी सूचना पुडीवर काय लिहावे याची. भाजीचे आणि वाणाचे नाव, बी मूळ कोठून आले, कोणत्या महिन्यात व वर्षी काढले, किती झाडांचे आहे, आणि परागीभवन कसे झाले: हाताने, पिशवी बांधून, की मोकळे. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. वेलवर्गातले मोकळ्या परागीभवनाचे बी तुमच्या गटात अजिबात वाटू नये, असा नियम मी करीन. शिवाय उगवण तपासून आकडा लिहावा. ओल्या सुती फडक्यात वीस दाणे गुंडाळून आठ-दहा दिवस ओलसर ठेवले आणि चौदा उगवले, तर ७० टक्के. घेणाऱ्याला मग किती दाणे पेरायचे ते कळते. तुमच्या कांद्याच्या बियाची एवढी परीक्षा झाली असती तर वाफे रिकामे राहिले नसते. पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांचा मोझॅक आलेल्या घेवड्याचे आणि चवळीचे बी कितीही टपोरे दिसले तरी देऊ नये. त्यांतले काही विषाणू बियातून पुढे जातात.

वेळ सांभाळावी. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलभाज्या लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याआधी दहा-बारा दिवस एक वाटप ठेवले तर पावसाळी भाज्यांचे बी वेळेवर हाती पडते. उन्हाळी भाज्यांसाठी दुसरे वाटप संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करता येईल. मी गेली काही वर्षे प्लास्टिकच्या डब्यांऐवजी बियाच्या पुड्याच वाण म्हणून लुटते.

कायद्याबद्दल आपण शंका विचारली आहे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीच्या २००१ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे, अगदी नोंदणीकृत संरक्षित वाणाचे असले तरी. फक्त ते नाममुद्रा लावून, ब्रँडचे बियाणे म्हणून विकता येत नाही. जर्मनीतील मुलीला लिफाफ्यातून बी पाठवू इच्छिणाऱ्या आपल्या भगिनींना मात्र तसे न करण्यास सांगावे. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या बियांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, प्रवासी सामानातील पुडीलासुद्धा.

राहिला तो कडू दुधी. त्या वेलांचे आणि त्यांच्या आईच्या वेलाचे जेवढे बी कोणाच्याही बरणीत असेल तेवढे जाळून टाकावे. खताच्या खड्ड्यात टाकले तर ते आषाढात उगवून पुन्हा मांडवावर चढेल. ज्या चार घरांत ते बी गेले त्यांनी पुढे आणखी कोणाला दिले का, हे आजच विचारून घ्यावे.